आंदर मावळ : डोंगरामागचं खोरं

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोकलने कान्हे स्टेशन सोडलं की उजव्या हाताच्या डोंगरामागे एक अख्खं खोरं दडलेलं आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मावळात खोऱ्याला नाव नदीचं. पवनेचं पवन मावळ, तसं आंद्रा नदीचं आंदर मावळ. कान्हे फाट्याहून टाकवे बुद्रुक हे बाजाराचं गाव, मग वडेश्वर, कुसूर, खांडी, सावळे. पुढे रस्ता संपतो आणि कोकणाचा कडा लागतो. कुसूर घाटाची जुनी पायवाट इथूनच कर्जतकडे उतरते.

आमच्या शाळेतल्या शिपाईबाईंचं माहेर या खोऱ्यातलं. मे महिन्यात त्यांच्याबरोबर गेले होते. करवंदांच्या जाळ्या लगडलेल्या, राब भाजून काळी पडलेली खाचरं पावसाची वाट बघत होती. भात हेच इथलं पीक. आपण वाण्याकडून कौतुकाने आणतो तो ‘इंद्रायणी’ तांदूळही मावळचाच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने हा वाण १९८७ साली दिला. (नवा असेल तर पाणी बेतानेच घाला, नाहीतर खिमट होतं!)

खोऱ्याच्या वरच्या अंगाला ठोकरवाडीचं धरण आहे. टाटांनी मुंबईच्या विजेसाठी ते बांधलं. आंद्रा खरी पूर्ववाहिनी. इंद्रायणी, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जाणारी. धरणाने तिचं पाणी उलटं पश्चिमेला वळवलं. डोंगरातल्या बोगद्यातून आणि नळांतून ते सुमारे पाचशे मीटर खाली भिवपुरीच्या वीजघरात पडतं. ते वीजघर १९२२ साली सुरू झालं. म्हणजे शंभर वर्षं झाली की! मुंबईच्या गिरण्या याच पाण्यावर फिरल्या, हे मला तरी भूगोल शिकवताना कधी सुचलं नव्हतं.

आणि माहेरघरी काय पाहिलं? शिपाईबाईंच्या वहिनी पहाटेपासून हंडे वाहत होत्या. वाडी उंचावर, तळं खाली खोलात, आणि वाडीची विहीर तळाला गेलेली. डोक्यावर हंडा, त्यावर कळशी, काखेत पोर. दुपारपर्यंत मी सहा खेपा मोजल्या. स्वयंपाक, गुरं, धुणं सगळं त्यातच. दिलेला चहा मला जड झाला, आणि भांडं विसळायला पाणी मागवेना.

“पावसाळ्यात तर नको नको होतं इतकं पडतं,” वहिनी हसत म्हणाल्या. “पण ते थांबतंय कुठं? मुलगी द्यायची तर लोक आधी जमीन विचारायचे, आता आम्ही विहीर विचारतो.”

त्यांची थोरली यंदा दहावी झाली. तिच्यासाठी तळेगावात वसतिगृह मिळतं का, ते शिपाईबाई आणि मी जूनच्या आत बघणार आहोत.