रानांत शिरतांना हाळी द्यावी

विद्यार्थिमित्रहो, खेळ म्हटला म्हणजे त्यांत नियम आलेच. हुतुतूंत दम सुटला कीं गडी बाद होतो, हें तुम्हांस कोणी पुस्तकांतून शिकविलें नाहीं. खेळतां खेळतां तें अंगवळणीं पडलें. परंतु कांहीं खेळ असे आहेत कीं, त्यांचें मैदान आंखलेलें नसतें, आणि गडी कोण व बघे कोण हेंहि ठरलेलें नसतें. अशा खेळांत नियमांइतकीच रीतभातीची गरज असते. अशाच एका खेळांत माझ्या हातून एक चूक घडली, ती येथें सांगावयाची आहे. चूक विद्यार्थ्यांची असती तर मी ती कदाचित् झांकली असती. ती शिक्षकाची असल्यामुळें झांकून ठेवणें बरें नव्हे.

खेळाचें नांव जिओकॅशिंग. आमचीं मुलें त्यास 'डबाशोध' म्हणतात, व तें नांव मलाहि पसंत आहे. कोणी एकानें लहानसा डबा कोठें तरी दडवून ठेवावयाचा, त्या जागेचे अक्षांश व रेखांश जाहीर करावयाचे, आणि इतरांनीं उपग्रहांच्या साह्यानें ती जागा हुडकून काढावयाची. डब्यांत एक वही असते. शोधणारानें तींत आपलें नांव व तारीख लिहून डबा जसा होता तसा परत ठेवावयाचा. टाळ्या नाहींत, ढाल नाहीं. सांपडल्याचा आनंद हेंच काय तें बक्षीस.

या खेळाचा जन्म सन २००० मधील. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांकडून आपण कोठें आहों हें कळतें. परंतु सामान्य लोकांस मिळणाऱ्या खुणेंत अमेरिकन सरकार तोंपर्यंत मुद्दाम चूक मिसळीत असे. त्यामुळें शंभर मीटरपर्यंत फरक पडे. मे महिन्याच्या आरंभीं ती चूक मिसळणें बंद झालें, आणि लगेच ता. ३ मे रोजीं डेव्ह उल्मर या गृहस्थानें ऑरेगॉन राज्यांतील बीव्हरक्रीक गांवाजवळ रानांत एक बादली ठेवून तिचा ठिकाणा जाहीर केला. तींत पुस्तकें, एक गलोल, घेवड्याचा एक बंद डबा अशा वस्तु होत्या. आणि कांहीं घेतलें तर कांहीं ठेवावें, एवढीच अट होती. माइक टीग यानें तीन दिवसांतच ती बादली शोधून काढली. आज जगांत असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत. सन २००८ मध्यें रिचर्ड गॅरिअट यानें तर अंतराळांतील आंतरराष्ट्रीय स्थानकावरहि एक ठेव ठेविली. कल्पना मात्र जुनी आहे. इंग्लंडांत डार्टमूर नांवाच्या ओसाड माळावर जेम्स पेरॉट या वाटाड्यानें १८५४ सालीं एका दुर्गम जागीं बाटली ठेविली, व तेथवर पोहोंचणारांनीं आपल्या नांवाची चिठी तींत टाकावी अशी वहिवाट पडली.

आमच्या एका विद्यार्थ्यानें हा खेळ पुण्यास आपल्या मामाकडे पाहिला, व मोठ्या उत्साहानें तो आमच्याकडे आणला. एका शनिवारीं दुपारीं आठदहा मुलांस घेऊन मी वैरागच्या शिवारांत गेलों. आमचा डबा जगाच्या यादींत नोंदविलेला नव्हता. आपण लपवावा व दुसऱ्या तुकडीनें मोबाइलवर जागा पाहून शोधावा, एवढाच बेत होता. माघ महिना, काळ्या रानांत ज्वारीची काढणी चाललेली. गांवाबाहेर एका बांधावर जुना लिंब आहे. त्याच्या बुंध्याशीं शेंदूर लावलेला एक दगड आणि मागें एक ढोली. मुलांस ती जागा फारच आवडली. डब्यांत एक कोरी वही, पेन्सिलीचा तुकडा, पिवळी गोटी, एक रुपयाचें नाणें व कोणी आईच्या शिवणाच्या पेटींतून आणलेल्या चार टांचण्या, अशी संपत्ति होती. धूळ आंत जाऊं नये म्हणून एकानें डब्यास तांबडें फडकें गुंडाळलें. बाहेरून त्यावर कोणाचें नांव नाहीं, शाळेचें नांव नाहीं.

शेत कोणाचें, हें मीं विचारावयास हवें होतें. मालकीण म्हातारी हांकेच्या अंतरावर बायकांबरोबर ज्वारी काढीत होती. परंतु गुप्तता हा या खेळाचा प्राण आहे, असें मींच मुलांस पढविलें होतें. म्हणून बांधाच्या आडून, वांकून, चोरपावलांनीं आम्ही बाहेर पडलों. त्या वेळीं मोठी मौज वाटली.

सोमवारीं वर्गांत एक मुलगा खालीं मान घालून बसलेला दिसला. मधल्या सुटींत तो माझ्याजवळ आला व म्हणाला, "गुरुजी, डबा सांपडला, पण आपल्या मुलांना नाहीं." हळूहळू सारा प्रकार कळला. रविवारीं सकाळीं आजीबाई त्या दगडावर पाणी घालावयास गेल्या असतां ढोलींत तांबडें फडकें दिसलें. एका बाईनें तें काठीनें ओढलें, झांकण निघालें, नाणें, टांचण्या व पिवळी गोटी मातींत सांडली. वाचकहो, आपल्या खेड्यांतून तांबडें फडकें, टांचण्या आणि नाणें एकत्र दिसलीं म्हणजे लोक काय समजतात, हें तुम्हांस ठाऊक आहे. 'करणी' हा शब्द कोणीतरी उच्चारला, आणि बायका काम टाकून घरीं गेल्या. दोन दिवस पिकलेली ज्वारी पांखरांच्या स्वाधीन झाली.

एवढ्यावरच भागलें नाहीं. आजीबाईंचें व त्यांच्या धाकट्या जावेचें बांधावरून जुनें वांकडें होतें. करणी केली तर ती दुसऱ्या कोणी केली असणार? नळावर शब्दास शब्द लागला. जी गोष्ट त्या बिचारीनें केली नाहीं, ती केली असें समजून सारी आळी दोन दिवस तिच्याकडे पाहत होती.

त्या सायंकाळीं दोन मुलांस बरोबर घेऊन मी आजीबाईंच्या घरीं गेलों. पाय जड झाले होते. ओसरीवर बसून मीं सारें सांगितलें, वही उघडून दाखविली, आणि क्षमा मागितली. म्हातारी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. करणी ही निव्वळ भ्रामक समजूत आहे, असें तेव्हां मीं म्हणावें अशी मला इच्छा झाली होती. देवानें सुबुद्धि दिली म्हणून मी गप्प बसलों. करणी खोटी, हें खरें. परंतु तिची भीति खोटी नव्हती, आणि ती भीति आम्हींच त्या घरांत नेऊन ठेविली होती. शेवटीं त्या म्हणाल्या, "गुर्जी, डबा ठिवला त्याचं काय न्हाई. पर रानात शिरताना हाळी का न्हाई दिली?"

यास माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मग त्या म्हणाल्या, "आता जावंच्या दारी जाऊन बी ह्येच सांगा." आम्ही गेलों. त्या बाईनें उंबऱ्यांत उभें राहूनच ऐकून घेतलें, व "बरं झालं सांगितलंत" एवढें बोलून ती आंत गेली. पुढें त्या दोघींचें मन एकमेकींविषयीं निवळलें कीं नाहीं, तें मला ठाऊक नाहीं. आमच्या मुलांनीं पुढच्या शनिवारीं आजीबाईंच्या रानांत कडब्याच्या पेंढ्या बांधल्या. त्यानें मजुरीची थोडी भरपाई झाली असेल, परंतु नळावरचे शब्द कांहीं परत आले नाहींत.

तेव्हांपासून या खेळांत नव्यानें येणाऱ्या मुलास मी प्रथम मोबाइल देत नाहीं. ही हकीकत सांगतों, व मग रीत शिकवितों.

पहिली गोष्ट परवानगीची. जगांत माळ दिसला तरी तो कोणाचा तरी असतो: शेतकऱ्याचा, देवस्थानाचा, ग्रामसंस्थेचा अथवा सरकारचा. ज्याची जागा त्यास विचारल्यावांचून डबा ठेवूं नये. विचारल्यानें गुप्तता बिघडत नाहीं. जागा खेळाडूंपासून लपवावयाची असते, मालकापासून नव्हे.

दुसरी, डब्यावर ओळख असावी. हा खेळाचा डबा आहे, यांत भय नाहीं, असें मराठींत स्वच्छ लिहावें व शाळेचें नांव घालावें. सन २०११ मध्यें इंग्लंडांत वेदर्बी या गांवीं असाच एक डबा ठेवणाऱ्या माणसाचें वागणें पाहून लोकांस बाँबचा संशय आला, व लष्करी पथकास बोलावून तो डबा उडवून द्यावा लागला. म्हणून शाळा, रेल्वे, पूल, पोलीसठाणें यांच्या आसपास डबा ठेवूं नये. कोणी "काय शोधतां?" म्हणून विचारलें तर पळूं नये, खोटें बोलूं नये, दोन वाक्यांत खरें सांगावें. आडून पाहणारास लोक चोर समजतात, त्यांत लोकांचा दोष नाहीं.

तिसरी, जमीन उकरूं नये. हा नियम सर्व जगांत आहे, पण आपल्याकडे त्यास विशेष अर्थ आहे. गुप्तधनाच्या लोभानें आपल्या मुलखांत काय काय अघोरी प्रकार झाले, हें वडील माणसांस विचारा. त्यांस आळा घालण्यासाठीं महाराष्ट्रांत २०१३ सालीं स्वतंत्र कायदा करावा लागला. रात्रीं देवळामागें कुदळ घेऊन गेलेला मुलगा कितीहि निरपराध असला तरी गांव त्यास तसें मानणार नाहीं. शोधतां शोधतां जमिनींत दडलेली खरीच जुनी वस्तु हातीं लागली, तर १८७८ च्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या ठेवीची वर्दी कलेक्टरांस द्यावी लागते. सोलापूरच्या भुईकोटासारख्या संरक्षित वास्तूचा तर दगडहि हालवूं नये.

चौथी, मुक्या प्राण्यांची जाण. खाण्याचा पदार्थ डब्यांत कधींहि ठेवूं नये. वासानें कुत्रीं व उंदीर येतात. काडेपेटी, औषधें, चाकू हेंहि नको, कारण डबा कोणत्या लहानग्याच्या हातीं पडेल तें सांगतां येत नाहीं. येथून सोलापुरास जातांना वाटेंत नान्नज लागतें. तेथील माळरान १९७९ पासून माळढोक पक्ष्यासाठीं राखलेलें अभयारण्य आहे. तो पक्षी घरटें बांधीत नाहीं. उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडें घालतो. एके काळीं तेथें तो सहज दिसे. आतां त्याचें दर्शन दुर्मिळ झालें आहे. अशा माळावर डब्यासाठीं पाऊल टाकणें हा खेळ नव्हे.

बाकीच्या रीती थोडक्यांत सांगतों. एक वस्तु घेतली तर तितक्याच किंवा अधिक मोलाची ठेवावी. डबा हलवूं नये, व सांपडल्यावर जागेचा बोभाटा करूं नये. पाठीमागून येणाऱ्याचा आनंद त्यांत जातो. सांपडला नाहीं तर 'सांपडला नाहीं' असेंच लिहावें. खोटी नोंद करणारा स्वतःसच फसवितो. परत येतांना वाटेवर दिसेल तो कचरा गोळा करून आणावा. आणि आधीं पुष्कळ डबे शोधावे, मग स्वतःचा लपवावा. लपविल्यावर त्याची देखरेख करावी, व करवणार नसेल तर तो उचलून आणावा.

पुष्कळ दिवसांनीं एके रविवारीं उपासनेंत शेतांत लपविलेल्या ठेवीचा दाखला वाचण्यांत आला, आणि माझें मन एकदम त्या लिंबाकडे गेलें. मत्तयाच्या शुभवर्तमानांतील तो मनुष्य तुम्हांस आठवत असेल. परक्याच्या शेतांत त्यास ठेव सांपडली. ती काढून घेऊन तो पळाला नाहीं. ती त्यानें पुन: झांकून ठेविली, आणि आनंदानें घरीं जाऊन आपलें होतें नव्हतें तें विकून तें शेत विकत घेतलें. आजवर मीं त्या दाखल्यांत ठेवच तेवढी पाहिली होती. स्वर्गाच्या राज्याचा अर्थ सांगण्याचें काम धर्मोपदेशकांचें. मला मात्र त्या दिवशीं शेतहि दिसलें, आणि शेताची किंमत मोजणारा मनुष्यहि दिसला.

पालकांस एक विनंति आहे. या हकीकतीवरून मुलांस हा खेळ बंद करूं नका. ऊन्ह, वारा, नकाशा, दिशा आणि पायपीट यांची गोडी लावणारे खेळ आतां थोडेच उरले आहेत. फक्त मुलगा घरून निघतांना एवढें विचारा, "कोणाच्या रानांत जातोस? त्यांना सांगितलें आहेस का?"

तो डबा आज आमच्या वर्गाच्या कपाटांत आहे. तांबडें फडकें काढून टाकलें आहे. टांचण्या ज्याच्या त्याच्या आईस परत गेल्या. वहीच्या पहिल्या पानावर शोधणारांचीं नांवें यावयाचीं होतीं. तेथें मुलांनीं आजीबाईंचा प्रश्न शाईनें लिहून ठेविला आहे. नवीन मुलगा आला कीं प्रथम तो ती वही उघडतो, प्रश्न मोठ्यानें वाचतो, आणि मग आम्ही रानाची वाट धरतों. बांधाशीं पोहोंचतांच सर्वजण मिळून मोठ्यानें हाळी देतात. पलीकडून "या रं पोरांनो" असें उत्तर आलें, म्हणजेच आमचा खेळ सुरू होतो.

— एक शिक्षक