आजोबांच्या वहीतली उभी रेघ

परवा सुट्टी होती म्हणून आजोबांची वही टंकायला बसलो. नेवाशाचं घर आवरताना ट्रंकेत सापडली होती. काळ्या शाईत पुरुषसूक्त, आणि अक्षरांच्या खाली-वर लाल शाईने स्वरांच्या रेघा. खाली आडवी ती अनुदात्ताची, वर उभी ती स्वरिताची. आणि उदात्त? त्याला ऋग्वेदात खूणच नसते! खाली रेघ असलेलं अक्षर, मग एक कोरं, मग डोक्यावर रेघ असलेलं, असं दिसलं की मधलं कोरं ते उदात्त. मी सात-आठ वर्षांचा असताना आजोबा मागे बसून माझं डोकं दोन्ही हातांत धरायचे. आडव्या रेघेला खाली, उभ्या रेघेला वर. पुढे ते शिकणं सुटलं. त्यांचा आवाज कुणी टेप केला नाही. उरल्यात त्या रेघाच.

तर टंकताना उभी रेघ हवी होती. युनिकोडच्या यादीत ती ०९५१ या क्रमांकावर सापडली. नाव वाचलं तर काय, 'उदात्त'! पोटात गोळाच आला. म्हणजे आजोबांनी चुकीचं शिकवलं, की मीच इतकी वर्षं उलटं लक्षात ठेवलं? दोन रात्री हाच विचार. मग त्या नावाखालची बारीक टीप नीट वाचली. ही खूण बहुतेक ठिकाणी स्वरितासाठीच वापरतात, उदात्तासाठी क्वचित. क्वचित म्हणजे मैत्रायणी आणि काठक संहितांत, तिथे उभी रेघ खरोखरच उदात्ताची. हुश्श! आजोबा बरोबर होते.

बरं, नाव फसवं आहे हे कळलंय तर बदलून टाकायचं ना? तर नाही. एकदा दिलेलं नाव चुकलं तरी बदलायचं नाही, असा युनिकोडचा १९९६ च्या दुसऱ्या आवृत्तीपासूनचा नियम आहे, कारण कुठले तरी प्रोग्राम त्या नावावर विसंबून असतात. फार तर शेजारी टीप द्यायची. २००९ मध्ये ५.२ आवृत्तीत वैदिक खुणांचा अख्खा नवा गट आला, सामगानातले अक्षरांवरचे आकडेसुद्धा आले, पण ०९५१ चं नाव तेच. आमच्या अख्ख्या जिल्ह्याचं नाव २०२४ साली बदललं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. या एवढ्याशा रेघेचं मात्र बदलत नाही. असो.

एका रेघेचं एवढं काय, असं बायको म्हणालीच. मी तिला त्वष्ट्याची गोष्ट सांगितली. इंद्राला मारणारा मुलगा हवा म्हणून त्याने यज्ञ केला आणि 'इन्द्रशत्रु' शब्दातला उदात्त शेवटी म्हणायचा तो पहिल्या अक्षरावर म्हटला. अर्थ झाला, इंद्र ज्याला मारणार तो. वृत्र जन्मला आणि इंद्राच्याच हातून मेला. "तुम्ही काय यज्ञ करणार आहात का?" हे तिचं उत्तर. यावर काय बोलणार!

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी. वहीच्या चौथ्या पानावर कधीतरी गळतीचं पाणी पडलंय. काळी शाई टिकली, लाल धुऊन गेली. तिथली कोरी अक्षरं मुळातच कोरी, की रेघ पुसलेली? छापील पोथी समोर आहे, तीत बघून रेघा देता येतील. पण मग त्या पोथीच्या रेघा झाल्या, आजोबांच्या नव्हे.

शेवटी श्रीरामपूरला काकांना फोन लावला. त्यांनाही आजोबांनीच शिकवलेलं. ऐंशी उलटली तरी पाठ आहे. म्हटलं, काका, एवढी ओळ म्हणून दाखवा. त्यांनी म्हटली, पण फोनवर चढउतार काही मला धड कळेना. तसं सांगितल्यावर म्हणाले, "अरे, मी म्हणताना तू मान हलवून बघ. कुठे हलते, कुठे नाही, तुलाच समजेल."

पुन्हा म्हणायला लावलं. फोन कानाला धरून, पेन्सिल हातात घेऊन, मान हलवत बसलो होतो. बायको दारातून बघून गेली. चार रेघा लागल्यात, पाचव्या अक्षराशी आम्ही दोघंही अडलोय.