गाडी ओढत नाही, म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे मोटारीच्या दुखण्यांना शब्द फार थोडे. "पिकअप गेला", "गाडी ओढत नाही", "इंजिन बसले" एवढ्या तीन वाक्यांत बहुतेक मालकांची तक्रार आटोपते. पोराला ताप आला तर थंडी वाजते का, ताप दिवसा चढतो की रात्री, हे आपण पाहतो. गाडीच्या बाबतीत मात्र पहिल्याच वाक्यावर थांबतो आणि पुढचे सारे गॅरेजवाल्यावर सोपवतो. त्यात पैसा जातोच, पण कधी कधी चांगली गाडीही हातची जाते. जुन्या गाडीचा क्लच झिजला आहे हे ओळखायचे कसे, याविषयी आज लिहायचे आहे. निमित्त माझ्या मामांच्या गाडीचे.

मामा दिवाडीचे. मराठी प्राथमिक शाळेत आयुष्यभर शिकवले, म्हणून गावात सगळ्यांचे मास्तर. गाडी १९९७ सालची मारुती ८००. कार्बोरेटरची, चार गिअरची. दिवाडी हे मांडवीतले बेट. जुने गोवे गाठायचे म्हणजे फेरीबोट आलीच. २०१९ साली मामींचे डायलिसिस सुरू झाले आणि आठवड्यातून तीनदा बांबोळीला जाणे भाग पडले. जाताना मामी गप्प असायच्या, येताना थकून मागच्या सीटवर पडून यायच्या. अशा माणसाला बस बदलत नेणे शक्य नव्हते. त्या घरात गाडी ही चैन नव्हती, औषधाइतकीच गरजेची होती.

त्याच पावसाळ्यात गाडी ओढेनाशी झाली. फेरीतून उतरून धक्क्याचा उतार चढताना ती रडायची, आणि कदंब पठाराच्या चढावर मागचे लोक हॉर्न वाजवायचे. एका गॅरेजात दाखवली. "पिकअप नाही" एवढेच ऐकून तिथे आधी कार्बोरेटर साफ केला, मग प्लग बदलले, आणि शेवटी सांगितले की इंजिनच खोलावे लागेल, पस्तीस हजारांच्या आसपास खर्च येईल. तेवढी तर त्या गाडीची किंमतही नव्हती. मामांनी ती भंगारात द्यायचे मनात घेतले होते. मी गेलो तेव्हा ते एवढेच म्हणाले, "गाडीचे काही नाही रे, पण सोमवारी हिला नेऊ कशी?"

मला गाड्यांतले थोडेफार कळते ते फोंड्याच्या एका मेस्तामुळे. कॉलेजात असताना सुटीत मी त्याच्या गॅरेजात बसून असायचो. पाना हातात घेण्याआधी तो मालकाला प्रश्न विचारायचा, आणि त्यातला पहिला ठरलेला: चढावर गाडी ओढत नाही तेव्हा इंजिनाचा आवाज चढतो की पडतो?

सगळे निदान या एका प्रश्नात आहे. इंजिन खरोखरच अशक्त झाले असेल, कॉम्प्रेशन गेले असेल किंवा पेट्रोल नीट येत नसेल, तर चढावर आवाजही दबतो आणि वेगही पडतो. इंजिन आणि चाके एकत्रच थकतात. क्लच घसरत असेल तर उलटे होते. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन मोकाट ओरडते, पण गाडी त्या मानाने पुढे सरत नाही. आवाज आणि वेग यांची फारकत होते. मारुतीत आरपीएमचा काटा नव्हताच, त्यामुळे कानावरच भरवसा. मी मामांना तोच प्रश्न विचारला. क्षणभर विचार करून ते म्हणाले, "आवाज तर चढतो. उलट जास्तच चढतो."

असे का होते हे समजायला क्लचची रचना थोडक्यात पाहू. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती फिरत असते. तिच्यावर दोन्ही बाजूंना घर्षणाचे अस्तर लावलेली क्लच प्लेट असते आणि तिला मागून प्रेशर प्लेटची स्प्रिंग दाबून धरते. त्या दाबामुळेच इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग त्या स्प्रिंगच्या पाकळ्या ढकलते आणि पकड सुटते. अस्तर वर्षानुवर्षे घासून पातळ होते, तसा दाब कमी पडतो आणि प्लेट घसरू लागते. वरच्या गिअरमध्ये चाकांचा विरोध क्लचवर जास्त येतो, म्हणून हे दुखणे आधी तिसऱ्या-चौथ्या गिअरात आणि चढावर दिसते. सपाट रस्त्यावर रमतगमत जाणाऱ्याला ते महिनोन्महिने कळतही नाही.

मामांच्या गाडीचे आम्ही क्रमाने पाहिले. आधी पेडल. केबलच्या क्लचला पेडलच्या सुरुवातीला थोडी मोकळी हालचाल असायला हवी. किती, ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. अस्तर झिजते तशा त्या पाकळ्या बेअरिंगकडे सरकतात आणि ही मोकळीक कमी होत जाते. ती पार संपली की बेअरिंग पाकळ्यांवर कायम टेकून राहते, म्हणजे कोणी क्लचवर सदैव पाय ठेवल्यासारखेच. तेव्हा प्लेट शिल्लक असली तरी घसरते, आणि केबलचा नट थोडा सैल केला की दुखणे जाते. म्हणून आधी हे पाहायचे. त्याला पैसा लागत नाही. मामांच्या गाडीत मोकळीक नव्हती. नट सैल करून ती आणली, तरी चढावर घसरणे थांबले नाही. याचा अर्थ प्लेटच संपत आली होती. पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावर गाडी हलायची, तेही त्याचेच लक्षण.

मग ब्रेक. कधी एखाद्या चाकाचा ब्रेक अडकून बसतो आणि गाडी जड जाते. थोडे चालवून एखादे चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापले आहे का, हे जवळ हात नेऊन पाहिले. तसे काही नव्हते.

शेवटी जागच्या जागी करायची चाचणी. सपाट, मोकळी जागा, गाडीपुढे कोणी नाही, चाकांना दगड, हँडब्रेक पूर्ण ओढलेला. तिसरा गिअर टाकून, थोडा ॲक्सिलरेटर देत क्लच सावकाश सोडायचा. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच बंद पडते. मामांच्या गाडीचे इंजिन किंचित कण्हले आणि चालतच राहिले. जळक्या कागदासारखा वासही आला. ही चाचणी एकदाच करावी, फार तर दोनदा, कारण तिने क्लच तापतो. आणि इंजिन बंद पडले म्हणून क्लच निर्दोष ठरत नाही. घसरण नुकतीच सुरू झाली असेल तर ती चढावरच सापडते.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. क्लचची सगळी दुखणी झिजेची नसतात. पेडल दाबल्यावरच घरघर येत असेल तर संशय रिलीज बेअरिंगवर घ्यावा. गिअर, विशेषतः रिव्हर्स, करकरत पडत असेल तर क्लच पूर्ण सुटत नसावा. अशा वेळी केबल सैल झालेली असू शकते. सुटताना गाडी थरथरत असेल तर प्लेटवर तेल आले आहे का आणि इंजिनाचे माउंटिंग धड आहे का हे पाहावे. तेलाने भिजलेली प्लेटही घसरते. अशा वेळी तेल गळणारे सील न बदलता नवी प्लेट टाकली तर तिचीही तीच गत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही गाडी दुसऱ्या एका मेस्ताकडे नेली. त्याने एक फेरी मारली आणि उतरता उतरता म्हणाला, "मास्तर, इंजीन बरें आसा. क्लच गेला." गिअरबॉक्स उतरवल्यावर अस्तर रिव्हेटपर्यंत आलेले दिसले. सील कोरडे होते. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग अशा तिन्ही वस्तू एकदम बदलल्या, कारण खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्याचीच असते. ती दोनदा देण्यात अर्थ नाही. सगळे मिळून साडेपाच हजारांच्या आत भागले. सोमवारी मामी गाडीने बांबोळीला गेल्या.

पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, बसगाड्या थांबल्या. डायलिसिस मात्र थांबवता येत नाही. त्या दिवसांत हीच गाडी होती. मामी २०२१ साली गेल्या. पण गाडीवाचून त्यांची एकही पाळी चुकली नाही, हे समाधान मामांना आहे.

आपल्या गोव्यात क्लच झिजवणाऱ्या जागा पुष्कळ. फेरीच्या रांगेत, ओहोटीच्या वेळी लांबलेल्या ओल्या उतारावर, अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणारे कितीतरी चालक मी पाहतो. तिथे हँडब्रेक ओढावा, क्लच सोडून द्यावा. चालवताना डावा पाय पेडलवर विसावू नये. एवढ्यानेही प्लेटचे आयुष्य वाढते.

आणि गॅरेजात जाल तेव्हा "पिकअप गेला" म्हणून थांबू नका. आवाज चढतो की पडतो, कोणत्या गिअरात, चढावर की सपाटीला, वास येतो का, हे सांगा. काम झाल्यावर जुनी प्लेट मागून घ्या आणि रिव्हेट किती वर आले आहेत ते स्वतः पाहा. चांगल्या मेस्ताला याचा राग येत नाही. उलट तो बोट ठेवून दाखवतो.