विसार आणि दंड

बोडगेश्वराची जत्रा आटोपताच म्हापशाचे बिऱ्हाड हलवून आम्ही डिचोलीस आलो, तेव्हा ब्रॉडबँडच्या वर्षभराच्या करारातले पाच महिने उरले होते. कंपनीने पाचही महिन्यांचे शुल्क मागितले. आरंभी माफ केलेला जोडणीखर्च मागावा, राऊटर परत न्यावा, हे रास्तच. परंतु शुक्रवारच्या बाजारातही माल न उचलणाऱ्याचा विसार तेवढा बुडतो. सबंध मालाची किंमत त्याच्याकडे कोण मागतो? १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम वाजवी भरपाईच देते. करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा होय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये तर नुकसानीच्या मानाने सर्वस्वी अवाजवी दंड लादणारा करार अन्याय्य ठरू शकतो. हे आम्ही लेखी कळविले आहे. उत्तर यावयाचे आहे. अनामत मात्र त्यांच्यापाशीच आहे.