रात्रीचा अर्धा तास : एक गेम, एक शिक्षिका आणि चौथीची एक मुलगी



‘माझा आवडता खेळ’ हा निबंध आपण दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. पूर्वी त्यात कबड्डी, खो-खो, क्रिकेट असायचं. आता वह्यांमध्ये मोबाईलवरच्या गेमची नावंही येऊ लागली आहेत. आज तोच निबंध मी लिहायला घेतला आहे. विषय जुनाच, फक्त लिहिणारी ३४ वर्षांची आहे, डी.एड. झालेली आहे आणि मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिकवते.

माझा आवडता खेळ आहे ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’. धाकट्या दिरांनी फोनमध्ये टाकून दिला आणि म्हणाले, “वहिनी, हा तुमच्यासारख्यांसाठीच आहे. मध्येच सोडून उठलात तरी काही बिघडत नाही.” हे मला फार पटलं. कारण आपलं आयुष्यच मध्ये सोडून उठण्याचं. कुकरची शिट्टी होते, मुलाला तहान लागते, केंद्रप्रमुखांचा मेसेज येतो की माहिती आजच भरून पाठवा. रात्री सगळं आवरल्यावर जो अर्धा तास उरतो, त्यात मावणारा खेळ मला हवा होता.

खेळ आहे तरी कसा?

रूनस्केप इंग्लंडमध्ये तयार झाला. अँड्र्यू गोवर यांनी भावाच्या साथीने तो बनवला आणि ४ जानेवारी २००१ रोजी लोकांसाठी खुला केला. पुढे त्यात इतके बदल झाले की जुन्या खेळाडूंना आपला खेळ ओळखू येईना. मग २०१३ साली मतदान घेऊन २००७ मधली जुनी आवृत्ती पुन्हा सुरू केली गेली. म्हणून नाव ‘ओल्ड स्कूल’. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये तो मोबाईलवर आला. काही भाग फुकट खेळता येतो, पूर्ण खेळासाठी वर्गणी आहे. मी फुकटातच समाधानी आहे.

हे एक काल्पनिक जग आहे. किल्ले आहेत, जादू आहे, राक्षस आहेत. जगभरातले हजारो लोक एकाच वेळी त्यात फिरत असतात. मला आधी वाटलं, नुसती तलवारबाजी असेल. पण पहिल्या तासात मी काय केलं सांगू? झाड तोडलं, जाळ केला, जाळं टाकून कोळंबी पकडली आणि ती जाळावर भाजली. तिथल्या पाठशाळेत, म्हणजे सुरुवातीच्या बेटावर, कोणी भाषण देत नाही. एकेक गुरुजी भेटतात, काम सांगतात, आपण ते हाताने करायचं, मग पुढचं दार उघडतं. डी.एड.ला ‘कृतीतून शिक्षण’ या विषयावर मी पानंच्या पानं लिहिली होती. तिथे ते चालू असलेलं दिसलं.

पहिल्या कामगिऱ्यांपैकी एक तर मला फारच आवडली. किल्ल्यातल्या आचाऱ्याला केक करायचा आहे, पण सामान नाही. त्याला एक अंडं, बादलीभर दूध आणि भांडंभर पीठ आणून द्यायचं. पीठ काही दुकानातून आणून भागवत नाही मी. शेतात जायचं, गहू तोडायचा, चक्कीत वरच्या मजल्यावर जाऊन तो टाकायचा, दांडा ओढायचा आणि खाली येऊन पीठ भरून घ्यायचं. परिसर अभ्यासात ‘अन्न आपल्यापर्यंत कसे येते’ हे शिकवताना मी फळ्यावर बाण काढते. त्या रात्री मी स्वतःच तो बाण झाले होते.

८३ गुणांचं गणित

या खेळात प्रत्येक कौशल्याच्या ९९ पातळ्या आहेत. लाकूडतोड, मासेमारी, स्वयंपाक, जाळ पेटवणं, खाणकाम, सगळ्यांच्या वेगवेगळ्या. पहिलीतून दुसऱ्या पातळीवर जायला ८३ अनुभव-गुण लागतात. साध्या झाडाच्या एका लाकडाला २५ गुण मिळतात. मी हे उदाहरण वर्गात दिलं, गेमचं नाव न घेता. “किती लाकडं तोडली म्हणजे ८३ गुण होतील?” भागाकार करून बऱ्याच जणांनी ३ उत्तर दिलं, बाकी ८ लिहिली आणि वही बंद केली. एक पोरगा म्हणाला, “मॅडम, तीनात नाही भागत, चौथं तोडावंच लागतंय.” बाकीचं काय करायचं हे त्याला कळलं होतं. माझ्या दृष्टीने तो धडा तिथेच पूर्ण झाला.

आता मोठं गणित पाहा. ९९ व्या पातळीला एकूण १,३०,३४,४३१ गुण लागतात. मग अर्धा रस्ता कुठे? आपण म्हणू, पन्नासाव्या पातळीच्या आसपास. पन्नासाव्या पातळीला लागतात फक्त १,०१,३३३. अर्धा रस्ता येतो थेट ९२ व्या पातळीला, तिथे ६५,१७,२५३ गुण होतात. म्हणजे सुरुवातीच्या पातळ्या भराभर येतात आणि शेवटच्या सात पातळ्यांना आधीच्या सगळ्या प्रवासाएवढे कष्ट पडतात.

हे शिकणाऱ्याच्या मनाचं गणित आहे असं मला वाटतं. नवख्याला पहिलं यश चार लाकडांवर मिळतं. त्याचा हुरूप वाढतो, मग तो पुढे चारशे लाकडंही तोडतो. आपल्याकडे मात्र पुष्कळदा उलटं होतं. वजाबाकी न येणाऱ्या मुलाला पहिलं शाबासकीचं वाक्य ऐकायला सत्र संपेपर्यंत थांबावं लागतं.

आणखी एक गोष्ट. स्वयंपाकाची पातळी कमी असताना कोळंबी करपते आणि करपली की गुण शून्य. पण आधी मिळवलेल्या गुणांतला एकही कापला जात नाही. दुसरी घ्यायची, पुन्हा भाजायची. हळूहळू करपण्याचं प्रमाण कमी होत जातं आणि एका पातळीनंतर कोळंबी करपायची थांबतेच. लढाईत आपण मेलो तर काही सामान जाऊ शकतं, पण शिकलेलं जात नाही.

सहा महिन्यांची सुट्टी

आता मूळ मुद्द्यावर येते, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

मधल्या काळात निवडणुकीचं काम, परीक्षा आणि सासूबाईंचं आजारपण यांमुळे मी जवळपास सहा महिने हा गेम उघडलाच नाही. उघडला तेव्हा वाटलं होतं, सगळं पुसलं गेलं असेल. तर माझी बाहुली तिथेच, नदीकाठी, हातात जाळं घेऊन उभी. मासेमारीची पातळी तीच. पिशवीतले मासेसुद्धा तसेच. कोणी विचारलं नाही, “इतके दिवस कुठे होतीस?” जिथे थांबले होते तिथून मी पुढे सुरू केलं.

त्याच सुमारास माझ्या वर्गात एक मुलगी परत आली. इयत्ता चौथी. आमच्या भागातली बरीच कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. ज्यांच्या घरी सांभाळायला आजी-आजोबा आहेत ती मुलं मागे राहतात, काही हंगामी वसतिगृहात राहतात. हिला आई-वडिलांनी बरोबर नेलं होतं, कारण धाकट्या भावाला कोपीवर सांभाळायला कोणीतरी हवं होतं.

ती मागच्या बाकावर बसली. मी वाचायला सांगितलं तर पुस्तक उघडलंच नाही. म्हणाली, “मी समदं इसरले, मॅडम.”

जाण्याआधी ही मुलगी जोडाक्षरं वाचायची. ते खरंच विसरली असेल का? थोडं गंजलं असेल, पुसलं नक्कीच गेलं नव्हतं. पण वर्ग पाच महिने पुढे गेला होता, आणि आपण कुठे उभे आहोत हे तिला दाखवणारी कुठलीच खूण तिच्याकडे नव्हती. खेळात मला माझी पातळी आकड्यात दिसली होती. तिला फक्त बाकीच्यांची पुढे गेलेली पानं दिसत होती.

मी एक साधं कार्ड केलं. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीमागे स्केचपेनने रकाने आखले: वाचन, लेखन, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, पाढे. तिला जवळ बसवून एकेक तपासलं आणि जे येतं त्याच्यासमोर खूण केली. वाचनात दहापैकी सहा खुणा झाल्या. तिने त्या दोनदा मोजल्या.

मग मी विचारलं, “तिकडे काय काय केलंस?” हळूहळू सांगू लागली. भाकरी करायला शिकली. चूल पेटवते. भावाला आंघोळ घालते. आई-बाबांच्या मोळ्या मोजते, कारण मुकादमाचा आकडा आणि बाबांचा आकडा जुळत नाही म्हणून रोज भांडण व्हायचं. एका ओळीत १२ मोळ्या आणि अशा ९ ओळी असल्या तर किती, असं मी विचारलं. पाढा न म्हणता ती बोलली, “दहा ओळीच्या एकशेवीस, त्यातल्या बारा कमी, एकशेआठ.” गुणाकाराच्या रकान्यात मी खूण केली. ही रीत मी तिला शिकवलेली नव्हती.

रूनस्केपमध्ये चूल पेटवणं आणि स्वयंपाक ही तलवारबाजीच्याच पंगतीला बसणारी कौशल्यं आहेत. सगळ्यांची मोजदाद एकाच फळ्यावर होते. म्हणून मी कार्डावर आणखी दोन रकाने वाढवले: ‘मोजणी’ आणि ‘घरकाम’. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. नऊ वर्षांच्या मुलीला उसाच्या फडाजवळ चूल पेटवावी लागते, यात कौतुक करण्यासारखं काहीही नाही. तिने त्या वेळी शाळेतच असायला हवं होतं. पण ती जे शिकून आली ते शून्य म्हणून खोडण्याचा अधिकारही मला नाही.

मे महिन्याच्या सुट्टीपर्यंत तिच्या वाचनाच्या दहाही खुणा पूर्ण झाल्या. हातच्याची वजाबाकी अजून अडते. त्या रकान्यात आम्ही पायऱ्या फार लहान केल्या आहेत, चार लाकडांच्या हिशोबाने.

पालकांसाठी थोडं

हे वाचून कोणी हा गेम प्राथमिकच्या मुलांच्या हातात देऊ नये, ही विनंती. तिथे अनोळखी माणसं बोलतात आणि सगळी भली नसतात. “तुझ्या चिलखताला फुकटात सोनेरी कड लावून देतो, जरा माझ्याकडे दे,” असं सांगून ते घेऊन पळून जाणं ही तिथली जुनी, प्रसिद्ध फसवणूक आहे. ओटीपी मागणाऱ्या फोनची मला तिथे उजळणीच झाली. शिवाय ‘अजून एकच पातळी’ म्हणता म्हणता रात्रीचे बारा कसे वाजतात, हे मोठ्यांनाही कळत नाही. मी घड्याळाचा गजर लावून बसते. मुलांना असा गजर स्वतःहून लावता येत नाही, तो आपल्यालाच लावावा लागतो.

आणि कार्डावरच्या खुणांचीही एक मर्यादा आहे. खूण मिळावी म्हणून मूल वाचत राहिलं तर खुणा संपल्यावर पुस्तकही मिटेल. म्हणून खूण केल्यावर मी त्या मुलीला एक गोष्टीचं पुस्तक घरी न्यायला देते. त्याला रकाना नाही. परत आणल्यावर एवढंच विचारते, “कोण आवडलं त्यातलं?”

दिवाळी येते आहे

आता पुन्हा टोळ्या जुळवण्याची बोलणी सुरू झाली आहेत. तिच्या घरी उचल आलेली आहे. मी दोनदा घरी जाऊन आले. वडील म्हणतात, धाकट्याला कोण बघणार? प्रश्न खरा आहे. त्याला यंदा अंगणवाडीत घालता येईल आणि दोघांना आजीजवळ ठेवता येईल का, यावर बोलणं चालू आहे. आजी अर्धी तयार आहे. पण रूनस्केपमधला अर्धा रस्ता कुठे येतो हे मला माहीत आहे, त्यामुळे अजून काही फेऱ्या मारायची तयारी ठेवली आहे.

राहिली तर उत्तम. गेली तर शिक्षण हमी कार्ड तिच्यासोबत जाईल, तिथल्या जवळच्या शाळेत बसवा असं वडिलांना सांगेन आणि मुकादमाचा फोन नंबरही घेऊन ठेवेन. लग्नपत्रिकेवरच्या कार्डाच्या मी दोन प्रती केल्या आहेत. एक तिच्या दप्तरात, एक माझ्या कपाटात.

शिक्षक बंधू-भगिनींनो, तुमच्या वर्गातही असं कोणी मार्चमध्ये परत येत असेल. त्याला पहिल्या दिवशी ‘किती बुडालं’ हे सांगू नका. कागद घ्या, त्याला जवळ बसवा आणि आधी जे येतं ते लिहा.