चौदा गोळ्या जमिनीवर

दौंड म्हटलं की लोकांना रेल्वे जंक्शन आठवतं. आम्हा भावंडांना आधी राखीव पोलीस आठवतात. राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक 5 आणि 7 दौंडलाच आहेत आणि अब्बांची सगळी नोकरी त्यातल्या एका गटात गेली. निवृत्त होऊन ते शिरूरला राहायला आले, पण गोळ्यांचा हिशेब काही त्यांच्या डोक्यातून गेला नाही. सरावाला मोजून गोळ्या मिळायच्या. फायरिंग संपलं की वाकून रिकाम्या पुंगळ्या वेचायच्या, मोजायच्या, जमा करायच्या. जितक्या गोळ्या, तितक्या पुंगळ्या. घरातली साखरही याच शिस्तीने निघते, असं अम्मी म्हणते.

अशा माणसाच्या धाकट्या मुलाने पिस्तुलाचा असा खेळ निवडला, ज्यात अर्धी भरलेली मॅगझीन मुद्दाम खाली टाकतात.

भाऊ नोकरीनिमित्त डर्बनला असतो. तिथल्या एका क्लबात तो रीतसर परवाना काढून 'प्रॅक्टिकल शूटिंग' खेळतो. आपल्याला माहीत असलेली नेमबाजी वेगळी. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारात खेळाडू एका जागी उभा असतो, पाच-पाच गोळ्यांची फेरी असते आणि पंचांनी सांगितल्यावरच पिस्तूल भरायचं असतं. भावाच्या खेळात घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. धावायचं, आडोशामागून नेम धरायचा आणि मॅगझीनही त्याच वेळात बदलायची. या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना 1976 साली अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. आपल्याकडे नऊ एमएमचं पिस्तूल सामान्य माणसाला परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे दौंड-शिरूरच्या पोरांना हा खेळ फक्त मोबाइलवर दिसतो.

मागच्या वर्षी भावाने एका फेरीचा नकाशा अब्बांना पाठवला. तीन जागा. प्रत्येक जागेवरून तीन कागदी लक्ष्यं, प्रत्येकावर दोन गोळ्या, आणि दोन पोलादी पत्रे. पत्रा खाली पडलाच पाहिजे. म्हणजे एका जागेला आठ, एकूण चोवीस. त्याच्या पिस्तुलात मॅगझीनच्या पंधरा आणि नळीतली एक, अशा सोळा.

अब्बांनी चिंचोके मागवले. ताटात सोळा मांडले, आठ-आठ बाजूला केले आणि निकाल दिला: दोन जागा होईपर्यंत पिस्तूल रिकामं होतं, तेव्हा मॅगझीन बदलायची. एकदाच. एक दाणा वाया नाही.

फोनवर भाऊ म्हणाला, "अब्बा, पत्रा एका गोळीत नाही पडला तर?"

अब्बा गप्प. सतरावी गोळी नाही. स्लाइड मागे अडकणार आणि समोर पत्रा उभा असताना जागच्या जागी मॅगझीन बदलावी लागणार. या खेळात मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागतात. चोवीसही गोळ्या मधोमध लागल्या तर एकशे वीस गुण. वीस सेकंदांत संपवलं तर भागाकार सहा येतो. दोन सेकंद जास्त उभं राहिलात तर साडेपाचच्याही खाली.

म्हणून भाऊ पहिल्या आठ गोळ्यांनंतर, दुसऱ्या जागेकडे जातानाच मॅगझीन बदलतो. खाली पडलेल्या मॅगझीनमध्ये सात गोळ्या असतात. दुसऱ्या जागेवरून तिसरीकडे जाताना पुन्हा तेच. पाय तर तसेही चालणारच असतात, त्या वेळात हात आपलं काम उरकून घेतात.

"भरेली मॅगझीन फेक दिया? दो बार? चौदा गोळ्या?" अब्बांचा आवाज चढला. फेरी संपल्यावर पंचासमोर पिस्तूल रिकामं करून दाखवलं की टाकलेल्या मॅगझिनी उचलता येतात, गोळ्या वाया जात नाहीत, हे ऐकल्यावर जरा उतरला. मॅगझीन बदलताना बोट ट्रिगरजवळ दिसलं तर खेळाडूला तिथंच स्पर्धेबाहेर काढतात, हा नियम मात्र त्यांना मनापासून आवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच विषय काढला. थ्री-नॉट-थ्रीच्या मॅगझीनमध्ये दहा गोळ्या बसायच्या, पण क्लिप पाचाची. दहाही संपायची वाट कोण बघतो? पाच झाल्या, आडोसा मिळाला, की क्लिप लावायची. मग कोरेगाव भीमाची गोष्ट निघाली. तिथल्या 1 जानेवारीच्या बंदोबस्ताला ते कैकदा गेलेले. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कॅप्टन स्टाँटनची तुकडी आमच्या या शिरूरच्या छावणीतूनच निघाली होती. तेव्हाच्या बंदुका तोंडाकडून भरायच्या: काडतूस दातांनी फाडायचं, दारू ओतायची, गजाने ठासायचं. कसलेल्या शिपायाच्या मिनिटाला दोन-तीन गोळ्या. म्हणून तेव्हाची कवायतच अशी होती की थोड्यांनी बार काढायचा आणि तोवर बाकीच्यांनी भरून घ्यायचं. सगळ्यांच्या बंदुका एकाच वेळी रिकाम्या होता कामा नयेत. "इसका भी वहीच है," अब्बा म्हणाले आणि ताटातले चिंचोके त्यांनी पुन्हा मांडले. या वेळी आठ-आठचे तीन ढीग, आणि पहिल्या दोन ढिगांशेजारी सात-सात वेगळे.

हे सगळं छान चाललं होतं. मग भावाने स्पर्धेतला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दाढी, काळा चष्मा, दोन्ही हातांत पिस्तूल. तासाभरात अम्मीने त्याला फोन लावला. "नाम क्या है अपना, मालूम है ना? निकाल पैले वो." ग्रुपात घरचेच आहेत, असं तो म्हणाला. घरचे पुढं कुणाला पाठवतील आणि खाली काय लिहून येईल, असं अम्मीने विचारलं. त्यावर तो काहीच बोलला नाही. फोटो गेला. मला राग आला होता, पण अम्मीशी वाद घालायला माझ्याकडे काही नव्हतं. ती बोलत होती तेव्हा तिच्या डोक्यावर, बैठकीच्या भिंतीला, अब्बांचा वर्दीतला रायफलसकटचा फोटो होता. तो तिनेच फ्रेम करून लावलाय.

आता डर्बनहून फक्त नकाशे येतात. हाताने काढलेले, चौकोन आणि बाण. परवाचा बत्तीस गोळ्यांचा होता. घरातले चिंचोके पुरले नाहीत, अब्बांनी शेजारून मागून आणले.