मेल्या नाहीत, आक्रसल्यात!

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चंच. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी!

फर्स्ट इयरला हॉस्टेलवर आले तेव्हा आपल्या मराठीला सगळे हसतील या भीतीने मी तोंडच उघडत नसे. मेसमध्ये मावशींना पोळीसुद्धा बोटाने दाखवून मागायची. मुलींनी ठरवून टाकलं, ही शिष्ट आहे. रात्री घरी फोन करून मी रडायचे, "मला परत यायचंय."

हे सगळं परवा बायोटेकच्या प्रॅक्टिकलला आठवलं. यीस्टच्या साखरपाण्यात आम्ही लिटरला २९ ग्रॅम या हिशेबाने मीठ घातलं. मिनिटभरात पेशी आक्रसल्या. कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं ना, अगदी तसंच. "मॅडम, मेल्या सगळ्या!" मी म्हटलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "कशावरून? मेथिलीन ब्लू टाकून बघ." या रंगाने मेलेल्या पेशी निळ्या दिसतात. आमच्या बहुतेक बिनरंगाच्याच होत्या, म्हणजे जिवंत! आणि तास-दीड तासाने पाहिलं तर पुन्हा फुगू लागलेल्या.

हे कसं झालं? पेशीचं पटल तेलकट असतं, त्यातून पाणी हळूहळू झिरपतं. शिवाय काही यीस्टमध्ये पाण्यासाठी प्रोटीनचे खास मार्ग असतात, अ‍ॅक्वापोरिन. त्यांच्या शोधासाठी पीटर आग्रे यांना २००३ साली रसायनशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. पण हे मार्ग म्हणजे पंप नव्हेत. जिकडे विरघळलेले पदार्थ जास्त, तिकडे पाणी जाणार. पेशीला पाणी ओढून आणता येत नाही. मग ती आतल्या आत ग्लिसरॉल बनवते आणि ते गळू नये म्हणून 'एफपीएस१' नावाचं दार लावून घेते. आत पुरेसं साठलं की पाणी आपणहून परत येतं.

माझंही तसंच झालं. रूममेटने रोज पेपरचा अग्रलेख मोठ्याने वाचायला लावला. ती हसायची, पण चुका सुधारून द्यायची. दिवाळीपर्यंत माझ्याजवळ बोलण्यापुरते शब्द साठले, मग मैत्रिणी आपोआप झाल्या.

यंदा आमच्या विंगमध्ये फर्स्ट इयरची एक मुलगी आहे. कोणाशी बोलत नाही. परवा मीच म्हणाले होते, "काय शिष्ट आहे!"

आज जेवायला जाताना तिचं दार वाजवणार आहे.